आईला रात्री वाचून दाखवायला कोणतं बायबल? आठ महिन्यांनंतर

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी आईला बारीक अक्षर दिसेना. तेव्हापासून जेवणं आटोपली की एक अध्याय मी वाचून दाखवते. भायखळ्याची दीड खोली, डोक्यावर करकरणारा पंखा, खाली गल्लीत हॉर्न, आणि त्या सगळ्याच्या वर माझा आवाज. आठ महिन्यांत तीन मराठी बायबलं हाताखालून गेली. माझं मत कानावरून बनलेलं आहे. हिब्रू-ग्रीकशी ताडून पाहण्याइतकी माझी पोच नाही.

पहिलं अर्थात बायबल सोसायटीचं, आमच्या चर्चच्या मंडळीत घरोघरी असतं ते. आईला निम्मं पाठ. तेविसाव्या स्तोत्रातलं 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' मी म्हणेपर्यंत 'मला काही उणे पडणार नाही' हे ती डोळे मिटून म्हणून मोकळी. या भाषेला ठेका आहे. स्तोत्रसंहिता आणि यशया ही बायबलातली पुस्तकं घाईत वाचायची म्हटली तरी वाचता येत नाहीत. दम लागतो तो प्रेषित पौलाने सुरुवातीच्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. मराठीतही ते लांबतच जातं, आणि क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर आई पेंगलेली असते.

म्हणून सोप्या भाषेतली आवृत्ती आणली. सोबत चेनवालं कव्हर वेगळं घेतलं. दोन महिन्यांत चेन गेली, आता रबर लावून ठेवते. ते असो. पत्रं आणि राजांच्या गोष्टी यांना ही आवृत्ती फार बरी. इंग्रजी माध्यमातला माझा मुलगा शौल राजा आणि दावीद यांच्या भांडणासाठी तीन रात्री टीव्ही बंद करून बसला. पण तेविसावं स्तोत्र काढलं आणि 'उणे पडणार नाही'च्या जागी 'गरजेचं सगळं माझ्याजवळ असेल' अशा अर्थाची ओळ आली, तशी आई उठूनच बसली. "हे काय, रेशन भरून झालं का?" अर्थ चुकलेला नव्हता, पण स्तोत्राचं स्तोत्रपण गेलं होतं.

सोपं करायची धडपड आजची नाही म्हणा. बायाबापड्यांना कळावं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि छापील पुस्तक आलं १९२४ मध्ये.

तिसरं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल', ऑफिसातल्या वसईच्या मैत्रिणीचं. आमच्या प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्यात ७३, यावरून आईने आधी जरा नाक मुरडलं. "उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच हे," म्हटल्यावर ऐकायला तयार झाली. लेखकाची मराठी आहे, जीभ कुठे अडखळत नाही. मला तर तिन्हींत हेच वाचायला आवडलं. पण जड किती! लोकलमध्ये न्यायचं नावच नको. शिवाय पुस्तक दुसऱ्याचं, परत द्यावं लागलं. स्वतःची प्रत घ्यायची आहे.

फोनवरचं ऑडिओ पंधरा दिवसांत बंद केलं. आईला मध्येच थांबवून बोलायचं असतं, फोन कुठला थांबतोय.

वाचन झालं की एक गीत. रविवारी उपासनेत आता कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर हिंदी शब्द. तरुण पोरं रमतात, माझाही मुलगा रमतो. घरी मात्र ती गाणी टिकत नाहीत. चार ओळी आठदा म्हणायला मागे बँड लागतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण त्यांनी अभंग-ओवीचा घाट धरला, त्यामुळे पेटी नसली तरी नुसत्या टाळीवर त्यांचं गीत उभं राहतं. आई मांडीवर ताल धरते, आणि शेजारच्या वहिनी दारातूनच दोन ओळी म्हणून जातात.

सध्या असं चाललंय: पत्रं सोप्यातून, स्तोत्रं जुन्यातून. परवा माझा घसा बसला होता म्हणून मुलाला वाचायला बसवलं. तेविसाव्या स्तोत्रात पहिल्याच ओळीला अडला.

"आजी, उणे म्हणजे मायनस ना?"

"हो रे, तेच," आई म्हणाली. "मायनस पडणार नाही. वाच पुढे."