कोल्हापुरातील एका केंद्रात वडिलांचा बोन स्कॅन

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आहे का हे पाहण्यासाठी माझ्या वडिलांचा बोन स्कॅन गेल्या महिन्यात कोल्हापुरातील एका खासगी केंद्रात झाला. मी स्वतः मुंबईत नऊ वर्षे न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन ते शरीरात कुठे साचते याची चित्रे घेणारा तंत्रज्ञ. त्यामुळे नातेवाईक म्हणून बाकावर बसलो असलो, तरी माझे सारे लक्ष आत काम करणाऱ्याच्या हातांकडे होते, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात चांगली झाली नाही. नाव नोंदवताना फोनवर 'उपाशीपोटी या' असे सांगितले गेले आणि आबा गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने, पाण्याचा घोटही न घेता, कोल्हापूरला उतरले. उपवास लागतो तो कर्करोगासाठी नेहमी केल्या जाणाऱ्या पेट स्कॅनला, कारण त्यातील औषध ग्लुकोजसारखे असते आणि रक्तातील साखर वाढलेली असली की चित्र बिघडते. बोन स्कॅनला उपवासाची गरज नसते. उलट भरपूर पाणी प्यावे लागते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला विनाकारण उपाशी ठेवणे ही किरकोळ चूक मी मानत नाही.

टेक्नॉलॉजिस्ट मात्र कसलेला निघाला. आबांचा चेहरा पाहताच 'आधी काहीतरी खाऊन या, मग सुई टोचतो' म्हणाला. इंजेक्शनच्या वेळी त्याने आधी सलाइन सोडून सुई शिरेतच असल्याची खात्री केली आणि कोणत्या हातात औषध दिले याची नोंद केली. औषध शिरेबाहेर झिरपले, तर त्या जागी डाग उमटतो आणि कधी काखेतील गाठही उजळते. नोंद नसेल, तर अहवाल लिहिणारा डॉक्टर नाहक संशयात पडतो. सिरिंजवर किरण अडवणारे टंगस्टनचे कवच होते. त्याने हात जड होतो, म्हणून घाईच्या वेळी ते काढून ठेवणारे मी पाहिले आहेत.

औषध देऊन होताच तो मागे सरला आणि पुढच्या सूचना दारातून देऊ लागला. आबांना ते लागले. 'आता शिवत पण न्हाईस व्हय रं?' असे त्यांनी विचारलेच. 'आबा, तुम्ही आज एकदाच आलाय, मी रोज दहा-बारा जणांना सुई टोचतो,' हे त्याचे उत्तर मला फार आवडले. आपल्याकडे या कामातील माणसासाठी किरणोत्साराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचे माप) आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, त्याचाच हिशेब ठेवतो.

तीन तासांनी, लघवीला पाठवून, स्कॅन सुरू झाला, कारण भरलेले मूत्राशय ओटीपोटाची हाडे झाकून टाकते. कॅमेरा शरीरापासून जितका दूर, तितके चित्र धूसर, म्हणून त्याने तो आबांच्या अंगाला जवळजवळ टेकेल इतका खाली आणला; चेहऱ्याजवळ येताना मात्र दर वेळी आधी सांगितले. चित्रात उजव्या मांडीच्या वरच्या टोकाशी एक ठळक ठिपका दिसला आणि काचेपलीकडे माझ्या छातीत धस्स झाले. त्याने घाई केली नाही. आबांचे धोतर बदलायला लावले, मांडी ओल्या कापडाने पुसून घेतली आणि तेवढ्याच भागाचे चित्र पुन्हा घेतले. ठिपका नाहीसा झाला होता. औषध लघवीवाटे बाहेर पडते आणि प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी थेंब थेंब गळते. कपड्यावरचा तो थेंब हाडातील गाठीसारखा दिसतो. ही पाच मिनिटे वाचवली असती, तर आबांच्या आजाराची पायरीच बदलून लिहिली गेली असती.

तक्रारी दोन आहेत. इंजेक्शन घेतलेल्यांना इतरांबरोबर एकाच खोलीत बसवतात. आमच्या शेजारच्या बाकावर एक गरोदर सून सासऱ्यांना सोबत म्हणून बसली होती, तिला मीच बाहेर बसायला सांगितले. दुसरे म्हणजे घरी गेल्यावर घ्यायच्या काळजीचा कागद फक्त इंग्रजीत आहे. निपाणी, कागल, राधानगरीकडून येणाऱ्या म्हाताऱ्यांनी तो कोणाकडून वाचून घ्यायचा?

अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. तिथे जाणार असाल तर पेट स्कॅन आहे की बोन स्कॅन, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाहून मगच जेवणाबद्दल विचारा आणि सोबत एक जास्तीचे धोतर किंवा पायजमा ठेवा.