नाक्यावर उभं राहायचं की एजन्सीतून कंपनीत जायचं? बेळगावकडच्या पोरांसाठी

भाच्याने परवा विचारलं, मामा, नाक्यावर हेल्परला 700 मिळतात, एजन्सीवाला 550 म्हणतोय, मग शहाणा माणूस एजन्सीत कशाला जाईल? प्रश्न बरोबर आहे. मीपण विशीत हेच म्हणायचो आणि चार वर्षं नाक्यावरच काढली, नंतर उद्यमबाग, मच्छे, होनगा या बेळगावच्या कारखान्यांच्या भागांत तीन वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून काम केलं, मधे एक वर्ष हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला पण जाऊन आलो. खाली जे आकडे आहेत ते माझ्या आणि भाच्याच्या हिशोबाचे, तुमच्याकडे थोडे वर-खाली असतील.

आधी नाका. सकाळी सातला डबा घेऊन उभं राहायचं, साडेसात ते साडेआठ हाच खरा टाइम, मेस्त्री नाहीतर घरमालक गाडी थांबवतो, दोन हेल्पर पाहिजेत म्हणतो, मग काम काय, हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी किती, चहा-नाष्टा कुणाचा हे सगळं तिथंच उभ्या उभ्या ठरतं. नऊ वाजले की चौक मोकळा व्हायला लागतो आणि ज्याला कुणी नेलं नाही तो डबा तसाच घेऊन घरी. आमच्या आईला मी काही सांगायच्या आधीच कळायचं, कारण डबा हातात घेतला की जड लागायचा. हे दिवस कुणी हिशोबात धरत नाही, 700 म्हणताना फक्त काम मिळालेला दिवस सांगतात.

माझी जुनी वही आहे, त्यात जानेवारी ते एप्रिल महिन्याला 21-22 हजेऱ्या, म्हणजे कामाचे दिवस दिसतात, पण जुलैत 9. बेळगाव-खानापूरकडचा पाऊस लागला की स्लॅब बंद, पाया बंद, रंगकाम बंद, जेवढं आतलं प्लास्टर आणि फरशी असेल तेवढंच. 700 गुणिले 21 म्हणजे 14,700 आणि 700 गुणिले 9 म्हणजे 6,300, आणि शाळेचा खर्च, वह्या-पुस्तकं सगळं नेमकं जून-जुलैतच येतं. म्हणून वर्षाचा हिशोब करा, दिवसाचा करू नका.

पण नाक्याची एक गोष्ट कुठलाच कंत्राटदार देऊ शकत नाही, ती म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पैसे हातात. कुणी बुडवलं तर एका दिवसाचंच बुडतं. आणि ज्याची घरची शेती आहे त्याला नाका बरा पडतो, रोप लावायच्या वेळेला आठ दिवस, रताळी काढायला चार दिवस, सुगीला पंधरा दिवस, गावच्या जत्रेला दोन दिवस, खाडा झाला म्हणून कुणी काढून टाकत नाही.

नाक्यावरची बरीच पोरं एक गोष्ट सोडून देतात आणि मला त्याचं लई वाईट वाटतं, ते म्हणजे बांधकाम कामगाराचं लेबर कार्ड. 1996 च्या कायद्याने प्रत्येक राज्यात कल्याण मंडळ आहे, कर्नाटकातही आहे, वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेलं असलं की नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणाला मदत, बाळंतपण, दवाखाना, अपघात, साठीनंतर पेन्शन असं बरंच आहे त्यात. अडतं कुठं, तर 90 दिवसाच्या दाखल्यावर सही कोण करणार, कारण नाक्यावर रोज मालक वेगळा. त्यावर उपाय एकच, वर्षातून निदान तीन-चार महिने एकाच मेस्त्रीबरोबर रहा आणि वहीत तारीख, जागा लिहून त्याची सही घेत जा.

आता एजन्सी. बोर्डावर मॅनपॉवर लिहिलेलं असतं, आपण कंत्राटदार म्हणतो, कंपनीला माणसं पुरवतो आणि पगार तो देतो. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) फेटलिंग म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा साफ करणं, ग्राइंडिंग, मशीन शॉपला लोडिंग-अनलोडिंग, पॅकिंग, हाऊसकीपिंग असली कामं असतात. 550 च्या हजेरीने 26 दिवस म्हणजे 14,300, त्यातून पूर्ण रकमेवर 12 टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला तर 1,716 गेले आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) 0.75 टक्के म्हणजे 108 गेले, हातात 12,476. भाचा इथंच थांबला होता, म्हणाला बघा की, नाक्याच्या चांगल्या महिन्यापेक्षा दोन हजार कमी. पण ते 1,716 कुठं गेले नाहीत, तुमच्या नावावर आहेत आणि कंपनीकडून तेवढेच अजून 1,716 पडतात, त्यातला काही भाग पेन्शनला जातो. शिवाय ईएसआयला मालक 3.25 टक्के भरतो. आणि जुलैतही 26 हजेऱ्या भरतात, ते मुख्य.

पण हे सगळं कधी, तर खरंच भरत असेल तर. इथंच मी एकदा पोळलोय. पहिल्या कंत्राटदाराकडे फाउंड्रीत ग्राइंडिंगला होतो, पगारातून दर महिन्याला ईएसआय म्हणून पैसे कापायचा, नंबर मागितला की पुढच्या महिन्यात येतो म्हणायचा, असे सात महिने गेले. एक दिवस चष्मा घासून घासून पांढरा झालेला म्हणून दिसेना, कपाळावर सरकवला आणि डाव्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला. सुपरवायझरने पाणी मारायला सांगितलं, मुकादमाने स्कूटरवरून सोडलं, दवाखान्यात 4,800 रुपये घरचे गेले आणि नऊ दिवस खाडा, त्याचा एक रुपया आला नाही. नंतर कळलं माझ्या नावाने ईएसआय कधी उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी, मच्छेला, पहिल्याच आठवड्यात विमा नंबर मोबाईलवर आला. तिथं बोट पत्र्यात सापडलं, टाके पडले, बेळगावच्या ईएसआयच्या हॉस्पिटलात उपचाराला काही द्यावं लागलं नाही आणि सतरा दिवस घरी होतो त्याचे पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशोबाने पैसे बँकेत आले. कामावर लागलेल्या मारासाठी इतके दिवस भरलेले पाहिजेत अशी अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतं. साध्या आजारपणाला मात्र आहे, सहा महिन्यांच्या टप्प्यात 78 दिवस भरलेले असावे लागतात, मग पुढं 70 टक्क्यांनी वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतात. म्हणून जे कंत्राटदार तीन महिन्यांनी ब्रेक देतात आणि दुसऱ्या नावाने परत घेतात त्यांच्यापासून सांभाळून, तुमचे 78 दिवस भरायचे राहू शकतात. ईएसआय 21,000 पगारापर्यंतच्या माणसाला लागू आहे, म्हणजे आपण सगळे त्यात येतो.

माझं मत सरळ आहे: एजन्सीत आपण दिवसाचे दीडशे रुपये कमी घेतो ते या कागदासाठी, म्हणजे खऱ्या पीएफ-ईएसआयसाठी घेतो. कागद मिळत नसेल तर नाका बरा, तिथं निदान हजेरी जास्त आहे आणि पैसे रोजच्या रोज आहेत. नाक्यासारखं उघड्यावर राहायचं आणि पगार मात्र एजन्सीचा, हा सौदा कुणी करू नये.

अजून एक फसवणूक बघा, ती हिशोबात लपते. काही जण 650 हजेरी सांगतात आणि पगाराच्या दिवशी पीएफ दोन्ही बाजूचा तुमच्याच हजेरीतून कापतात, आपला 12 आणि मालकाचा 12. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापायची कायद्याने परवानगीच नाही. म्हणून विचारताना "हजेरी किती" असं विचारू नका, "कापून हातात किती, आणि काय काय कापणार" असं विचारा. ओटीचं (ओव्हरटाइमचं) पण तसंच, कायद्याने डबल रेट आहे, बहुतेक जण सिंगल देतात आणि पोरं गप्प घेतात. बुटाचे, ड्रेसचे, नाव नोंदवायचे म्हणून पहिल्याच दिवशी पाचशे-हजार मागितले तर मी तिथून परत येतो. आधार कार्डाची झेरॉक्स द्या, ओरिजिनल ठेवून घेऊ देऊ नका.

पगाराच्या तारखेचं बोलायचं तर एजन्सीत महिना भरल्यावर सात तारखेच्या आत पगार पाहिजे आणि काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब पाहिजे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवे कामगार कायदे लागू झालेत त्यात हे आहे आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं हेही आहे. आणि कंत्राटदार पळून गेला तर मूळ कंपनीने पगार द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्यातही ठेवलंय, फक्त आधी 20 माणसांच्या कंत्राटदाराला लागू होतं ते आता 50 झालंय, म्हणजे लहान कंत्राटदाराकडे जाताना जास्त सावध. कंपनीचं नाव, गेटपासचा फोटो, हजेरीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नाहीतर आपण त्या कंपनीत होतो हेच सिद्ध करता येत नाही. कागद बऱ्याचदा कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतो, आपल्याला वाचता येत नसेल तर घाईत सही करू नका, फोटो काढून कुणालातरी दाखवा. तेवढं मागून घेण्यात लाज नाही.

आता कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीचा विषय, तो आपल्याकडं सोडून चालत नाही. चंदगड तालुक्यात शिनोळीला कारखाने आहेत, वेंगुर्ला रोडने बेळगावातून रोज जाऊन-येऊन करता येतं, निपाणीकडची पोरं कागल आणि गोकुळ शिरगावला जातात, खानापूरकडची गोव्याला. किमान वेतन जिथं काम त्या राज्याचं लागतं, तुमचं घर कुठं आहे त्यावर नाही. पीएफचा यूएएन (कायमचा खाते नंबर) आणि ईएसआयचा नंबर देशभर एकच चालतो, म्हणून हद्द ओलांडली की नवीन कंत्राटदाराला जुनाच नंबर द्या, नवीन काढू देऊ नका, माझे दोन यूएएन झाले होते आणि एकत्र करायला वर्ष गेलं. बांधकामाचं लेबर कार्ड मात्र राज्याच्या मंडळाचं आहे, इकडचं तिकडं चालेलच असं धरू नका. आणि सीमेवर वातावरण तापलं की बस थांबते, 2022 च्या डिसेंबरात आणि 2025 च्या फेब्रुवारीत थांबलीच होती, रोजंदारीवाल्याचा तेवढा खाडा कुणी भरून देत नाही. शिनोळीला जायचं तर गाडी स्वतःची किंवा दोघा-तिघांत मिळून पाहिजे. गोव्याला हजेरी चांगली सांगतात पण खोलीभाडं आणि जेवण धरलं की हातात राहणारा पैसा इथल्याएवढाच येतो, एकटा पोरगा असेल आणि खोली कंत्राटदाराची असेल तरच मी जा म्हणेन.

बायकांचं गणित थोडं वेगळं आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, आमची बायको मच्छेला पॅकिंगला जाते तिचा जायचा-यायचा खर्च शून्य झाला, त्यामुळे कमी हजेरीचं एजन्सीचं कामही परवडतं. पलीकडे महाराष्ट्रात एसटीला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण तेही त्यांच्या हद्दीपुरतं. जुलैत रोप लावणीला गावातच चांगली हजेरी आणि चहा-भाकरी मिळते, तेवढे पंधरा दिवस बऱ्याच जणी कंपनीतून सुट्टी घेतात, तर कंत्राटदाराला आधी सांगून ठेवा, न सांगता खाडा केला की नाव काढतात. आणि गावात रोजगार हमीचं काम निघत असेल तर 2025-26 ला कर्नाटकात दिवसाला 370 दर होता, महाराष्ट्रात 312. त्याच्या जवळपास हजेरी सांगणारी एजन्सी असेल तर बसने शहरात जायची गरज नाही.

मग कुणी काय घ्यावं? घरी शेती आहे, गवंडीकाम शिकायचंय, तर नाका धरा पण चार महिन्यांत एक मेस्त्री पकडा, कारण हेल्पर म्हणून दहा वर्षं राहिलात तर हजेरी तिथंच राहते आणि गवंडी झालात तर जवळपास दीडपट होते. घरी कुणी आजारी आहे, लहान पोरं आहेत, कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला जातो, तर कागदवाली एजन्सी, 550 असली तरी. आणि एजन्सीत गेलात तर नुसतं पॅकिंग नका करत बसू, मशीनवर उभं राहायची संधी मागा, सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) हात बसला की दुसरी कंपनी स्वतः बोलावते.

एजन्सी खरी की खोटी ते कळायला ऑफिसात जाऊन काही उपयोग नाही, तिथं सगळे गोडच बोलतात. मी भाच्याला सांगितलं, ज्या कंपनीत पाठवणार म्हणतोय तिच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर दुपारी एक वाजता जाऊन उभा रहा आणि त्याच कंत्राटदाराच्या माणसांना विचार, दादा, तुमचं पीएफ निघतंय काय? तो दोन ठिकाणी जाऊन आला. एकीकडे पाच जणांपैकी कुणीच नीट सांगेना. दुसरीकडे चौघांपैकी तिघांनी मोबाईल काढून पासबुक दाखवलं, मागच्या महिन्यापर्यंत भरलेलं, चौथा आठच दिवसांपूर्वी लागला होता. हजेरी तिथं 530 आहे, सोमवारपासून जातोय.