शॉर्टवेव्हच्या मासिकांच्या नावाखाली अण्णांचे पावणेसात हजार गेले, ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी जरा वाचा

मॉनिटरिंग टाइम्स नावाचं, शॉर्टवेव्हवर म्हणजे दूरदेशची स्टेशनं ऐकू येतात त्या रेडिओ बँडवर लिहिणारं अमेरिकन मासिक डिसेंबर २०१३ चा अंक काढून बंद झालं. पॉप्युलर कम्युनिकेशन्सचा छापील अंक पण साधारण त्याच सुमारास संपला. पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ हे दरवर्षी निघणारं जाडजूड पुस्तक होतं, त्याची शेवटची आवृत्ती २००९ ची. आणि या तिन्हींची "पुढच्या वर्षाची वर्गणी" म्हणून आमच्या अण्णांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून, गेल्या वर्षी ४,९०० रुपये घेतले गेले. वर अजून दोन वेळा पैसे काढले ते वेगळेच. सगळं सविस्तर लिहितेय कारण हा माणूस अजून फिरतोय आणि त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, रिटायर झालेले, जुन्या रेडिओवर जीव असलेले लोक.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाले. बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवर ऐकलेली पिढी, बीबीसी हिंदीच्या बातम्या लावल्याशिवाय जेवायला न बसणारी. ती बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली तेव्हा घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. तर गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की परत नीट शॉर्टवेव्ह ऐकायचं आणि एका जाहिरातीवरून सोनीचा आयसीएफ एसडब्ल्यू ७६०० जीआर सेकंडहँड घेतला. विकणारा माणूस स्वतः नौपाड्यात घरी येऊन देऊन गेला, चहा प्यायला, बॅटऱ्यापण टाकून दिल्या. रेडिओ एकदम चांगला निघाला आणि किंमतही रास्त होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं या एका चांगल्या व्यवहाराच्या जोरावर झालं. नंतर मला वाटायला लागलं की तो रेडिओ म्हणजे गळाला लावलेलं आमिषच होतं.

आठवडाभराने त्याचा फोन. "काका, रेडिओ घेतलात पण कुठल्या वेळेला कुठलं स्टेशन कुठे लागतं हे कसं कळणार? बाहेरची मासिकं लागतात त्याला." आता हे म्हणणं चुकीचं नाहीये, यादीशिवाय शॉर्टवेव्हवर नुसता डायल फिरवत बसलात तर चीनचं स्टेशन लागतं, धार्मिक भाषणं लागतात आणि बाकी खरखर. मग त्याने पॅकेज सांगितलं, वरची तीन मासिकं वर्षभर आणि वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक (जगभरातल्या स्टेशनांच्या याद्यांचं पुस्तक) "बारा अंक", सगळं मिळून ४,९००. अण्णांनी यूपीआयने भरले. शिवाय ६५० रुपये "इंटरनॅशनल लिसनर लायसन्स कार्ड" म्हणून. ते कार्ड आलं पण, लॅमिनेट केलेलं, अण्णांचा फोटो, खाली कसलातरी नंबर आणि पृथ्वीचा गोळा.

लायसन्सचं आधी संपवते. रेडिओ ऐकायला आपल्याकडे कुठलंही लायसन्स लागत नाही. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचे दिवस ऐंशीच्या दशकातच संपले. लायसन्स लागतं ते हॅम रेडिओला, म्हणजे स्वतः ट्रान्समिट करायला, आणि ते केंद्र सरकार परीक्षा घेऊन देतं, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून मिळत नाही.

महिन्याभराने पहिलं पार्सल आलं. दोन अंक आणि एक स्पायरल बाइंडिंगचं पुस्तक. अंकांच्या कव्हरवर जिथे महिना आणि वर्ष असतं बरोब्बर तिथे गोल सोनेरी स्टिकर, त्यावर "इंडिया एडिशन". अण्णा खूश. चष्मा लावून, वहीत तक्ते आखून, यूटीसी टाइममध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साडेपाच तास मिळवून आपली वेळ काढायची, सगळं पद्धतशीर चालू झालं. पहाटे उठून गॅलरीत बसायचे. रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल शोधतायत, रेडिओ नेदरलँड्स शोधतायत, रेडिओ स्वीडन शोधतायत. काही म्हणजे काही लागेना. लागणार कसं, रेडिओ स्वीडनने २०१० मध्ये शॉर्टवेव्ह बंद केली, कॅनडा आणि नेदरलँड्सवाल्यांनी २०१२ मध्ये. अण्णांना हे माहीत नव्हतं आणि मला तर ही स्टेशनं होती हेच माहीत नव्हतं.

त्या माणसाला फोन केला तर उत्तर तयार. "काका बिल्डिंगमध्ये नॉइज असतो ना, एलईडी, वायफाय, इन्व्हर्टर. टेरेसवर वायर टाका." यातही अर्धं खरं आहे बरं का, आरसीसी बिल्डिंगच्या आत शॉर्टवेव्ह खरंच कमी येतं आणि एलईडीच्या बल्बने खरखर वाढते. असं अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाला पकडणं फार अवघड. अण्णांनी टेरेसवर पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत तांब्याची वायर ताणली, सोसायटीच्या सेक्रेटरींशी वाद झाला, ते म्हणाले वीज पडेल, अण्णा म्हणाले तुमच्या डिश अँटेनावर पडत नाही का. वायर टाकल्यावर बीबीसीची इंग्लिश सेवा मस्त यायला लागली, पण मासिकातलं एकही स्टेशन नाही.

मग हँडबुकचं नाटक. एक दिवस मेसेज आला की हँडबुक जर्मनीहून निघालंय, मुंबईत कस्टमला अडकलंय, १,२०० रुपये ड्युटी लगेच पाठवा नाहीतर माल परत जाईल. सोबत ट्रॅकिंग नंबर. अण्णांनी भरले. त्या दिवशी मी ऐरोलीहून ऑफिस करून आले तर ते पोस्टाच्या साइटवर नंबर टाकून बसले होते, "नॉट फाउंड" येत होतं. मी नंबर बघितला तर शेवटी आयएन. परदेशातून पोस्टाने येणाऱ्या रजिस्टर पार्सलच्या नंबरात शेवटची दोन अक्षरं ज्या देशातून निघालं त्या देशाची असतात, जर्मनीचं डीई, इंग्लंडचं जीबी. आयएन म्हणजे इंडियातून पाठवलेलं. आणि पोस्टाने आलेल्या पार्सलवर ड्युटी लागलीच तर ती पोस्टमन पार्सल देताना घेतो आणि पावती देतो, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर मागत नाही.

मी म्हटलं, "अण्णा, ते अंक दाखवा बरं." हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून हळूच काढला. एकाखाली २००८, दुसऱ्याखाली २०१०. अण्णा काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसले. मला त्या क्षणी पैशापेक्षा त्या पहाटे उठण्याचा राग आला.

स्पायरलचं पुस्तक तर त्याहून भारी. ती पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओची झेरॉक्स होती, जुनी आवृत्ती, आणि पानांच्या कडेला स्कॅन करताना पडतात तशा काळ्या पट्ट्या. शोधल्यावर कळलं की वर्ल्ड रेडिओ हिस्टरी म्हणून एक अमेरिकन साइट आहे, तिथे रेडिओच्या जुन्या मासिकांचे हजारो अंक स्कॅन करून ठेवलेत, कुणीही बघा, फुकट. म्हणजे जे फुकट आहे ते डाउनलोड करायचं, प्रिंट मारायची, बाइंडिंग करायचं आणि वर्गणी म्हणून विकायचं. पार्सलवर वाशी सेक्टर १७ चा पत्ता होता. मी ट्रान्सहार्बरने गेले एका शनिवारी. पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. दुकानदार सरळ माणूस वाटला, म्हणाला, "हो मॅडम, येतो तो, पेन ड्राइव्ह घेऊन येतो, दहा-दहा कॉप्या काढून नेतो. आमचा पत्ता कशाला टाकला पण?" दहा-दहा कॉप्या. म्हणजे अण्णांसारखे अजून आहेत.

आता ज्यांना खरंच या छंदासाठी काही घ्यायचंय त्यांच्यासाठी, गेल्या काही महिन्यांत मी आणि अण्णांनी मिळून जे शोधलं ते लिहिते. अण्णा आता माझ्यापेक्षा एक्सपर्ट आहेत.

वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक हे खरं आहे आणि जिवंत आहे, पण ते वर्षातून एकदाच निघतं. चाळीसच्या दशकात डेन्मार्कमध्ये सुरू झालं, इंग्लंडमधल्या टीमने २०२२ ची आवृत्ती शेवटची म्हणून जाहीर केली, मग जर्मनीतल्या रेडिओ डेटा सेंटरने पुढे चालू ठेवलं. त्यामुळे त्याचे "बारा अंक" म्हटल्यावरच समजून जायचं. नुसती जुनी आवृत्ती कुणी रद्दीच्या भावात देत असेल तर जरूर घ्या, बघायला मजा येते, पण ताजी म्हणून घेऊ नका. मॉनिटरिंग टाइम्स बंद पडल्यावर त्यातल्याच काही लेखकांना घेऊन जानेवारी २०१४ पासून द स्पेक्ट्रम मॉनिटर सुरू झालं, ते फक्त पीडीएफ आहे. कुणी त्याचा छापील अंक घरपोच देतो म्हणाला तर तो स्वतः प्रिंट मारून देतोय. प्रॅक्टिकल वायरलेस हे ब्रिटिश मासिक १९३२ पासूनचं, चांगलं आहे, पण त्यात हॅमवाले आणि सर्किट जोडणारे यांचा माल जास्त, नुसतं ऐकणाऱ्याला निम्मं मासिक उपयोगाचं नाही. शॉर्ट वेव्ह मॅगझिन नावाने कुणी काही विकत असेल तर ते २००५ लाच बंद झालंय.

अजून एक गोष्ट जी तो माणूस कधीच सांगणार नाही. मासिक अगदी या महिन्याचं असलं तरी अमेरिकन मासिकातला कार्यक्रमांचा तक्ता बहुतेक अमेरिकेत ऐकणाऱ्यांसाठी असतो. अँटेनाची दिशा तिकडची, वेळ त्यांच्या संध्याकाळची म्हणजे आपली सकाळ. ठाण्यात बसून त्यातलं थोडंफार लागेलही, पण आपल्या दिशेने बीम केलेलं म्हणजे सोडलेलं काय आहे ते वेगळं बघावं लागतं. शॉर्टवेव्ह स्टेशनांच्या याद्यांमध्ये जगाचे झोन पाडलेले असतात, भारत ४१ नंबरमध्ये येतो. यादीत टार्गेटच्या रकान्यात ४१ किंवा साउथ एशिया असेल तिथे आधी खूण करायची. अण्णांनी हे केल्यावर एका संध्याकाळी ३१ मीटर या एका बँडवरच वहीचं पान भरलं.

आणि फ्रिक्वेन्सी वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. एका सीझनला ए म्हणतात, दुसऱ्याला बी. त्यामुळे कुठलीही छापील यादी सहा महिन्यांत जुनी होते, गेल्या वर्षीचं टाइमटेबल घेऊन ठाणे स्टेशनवर उभं राहिल्यासारखं. ताज्या याद्या फुकट मिळतात, एचएफसीसी या शॉर्टवेव्हच्या फ्रिक्वेन्सी ठरवण्यात समन्वय करणाऱ्या संस्थेची आणि आयबी (EiBi) नावाची जर्मनीतून निघणारी. नातवाने अण्णांना आयबीची यादी मोठ्या अक्षरात प्रिंट करून दिली, खर्च झेरॉक्सचा फक्त. म्हणून मासिक घ्यायचं ते लेख, रिसीव्हरची परीक्षणं, अँटेना कशी बनवायची, क्यूएसएल कार्ड (ऐकल्याची पोच म्हणून स्टेशन पाठवतं ते) कसं मागवायचं, यासाठी घ्यायचं, फ्रिक्वेन्सीसाठी नाही. आणि घ्यायचं ते प्रकाशकाकडून थेट. मधला माणूस "मी वर्गणी लावून देतो" म्हणाला की त्याला एकच विचारा, सबस्क्रायबर नंबर कधी मिळेल आणि प्रकाशकाचा ईमेल माझ्या नावाने येईल का. आमच्यावाल्याला मी हे विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो कंपनीचा अंतर्गत विषय आहे." कुठली कंपनी ते नाही सांगितलं.

तक्रार केली. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर सगळं टाकलं, यूपीआयचे ट्रँझॅक्शन नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, स्टिकर काढायच्या आधीचा आणि नंतरचा कव्हरचा फोटो. कस्टमचे म्हणून घेतलेले १,२०० ताजे होते, दुसऱ्याच दिवशी तक्रार गेली, ते समोरच्या खात्यात अडकवलेत असा मेसेज आलाय, हातात अजून यायचेत. ४,९०० आणि ६५० जुने झाले होते, ते खात्यातून केव्हाच पुढे गेलेले. अण्णांचं म्हणणं होतं जाऊ दे, पोलिसात कशाला, लोक हसतील. सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला, "हसू देत, पण त्याला नको हसू दे."

त्या माणसाचा जुना नंबर आता बंद आहे. पण परवा कोपरखैरण्यातल्या एका ओळखीच्या काकांना सेम टू सेम पॅकेजचा मेसेज आला, दुसऱ्या नंबरवरून, भाव आता ५,५००. आधी त्यांनाही एक रेडिओ विकलाय, टेक्सनचा, तोही व्यवस्थित चालणारा. तुमच्या घरी कुणाकडे असा गोल सोनेरी "इंडिया एडिशन" स्टिकरवाला अंक आला असेल तर स्टिकर ओरबाडू नका, आधी फोटो काढा, पार्सलचं पाकीट टाकून देऊ नका, त्यावरचा बुकिंगचा शिक्का लागतो, आणि तक्रार करताना माझ्यासारखं वेगवेगळ्या तारखांचे पैसे एकाच रकमेत लिहू नका, प्रत्येक ट्रँझॅक्शन वेगळं टाका. पोलिस स्टेशनमधल्या मॅडमनी मला ते सगळं परत भरायला लावलं.