मोनेची ‘चार झाडं’ कॅनव्हासवर: मुंबईत छापून घेतलेल्या प्रिंटचं परीक्षण

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1891 मध्ये फ्रान्समधल्या एप्ट नदीकाठचे पॉप्लर वृक्ष पुन्हा पुन्हा रंगवले, प्रत्येक वेळी निराळ्या उजेडात. मध्येच गावाने ती झाडं विकायला काढली, तेव्हा लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन त्याने चित्रं पुरी होईपर्यंत ती तोडू दिली नाहीत. त्या मालिकेतलं ‘चार झाडं’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची मोठी प्रतिमा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते आणि छापायला परवानगी लागत नाही. इथे तपासलेली प्रिंट मूळ मापाची, म्हणजे सुमारे 82 सेंटिमीटर चौरस आहे: सुती कॅनव्हास, पिगमेंट शाई (रंगकणांची, टिकाऊ) आणि 38 मिलिमीटर जाडीचा लाकडी स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवायची चौकट.

मागच्या झाडांवरचा नारिंगी-पिवळा उजेड सुरेख उतरला आहे. फसली आहेत ती पुढची चार खोडं. मोने सावलीत काळा कालवत नाही, जांभळा आणि निळा शेजारी शेजारी ठेवतो. म्हणून तर पलीकडचं ऊन पेटल्यासारखं दिसतं. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं पाहिलेल्यांना रंगांच्या ठिपक्यांची ही जादू वेगळी सांगायला नको. पहिल्या प्रतीत तो जांभळा राखाडी पडला आणि त्याबरोबर ऊनही विझलं. कारण साधं आहे: फाइल आधीच सीएमवायकेत, म्हणजे छापखान्याच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, बदलली होती. त्या बदलात गडद जांभळे आणि चमकदार नारिंगी सर्वांत आधी मरतात. दहा-बारा शायांच्या इंकजेट यंत्राला आरजीबी (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतली) फाइलच द्यावी, रंगप्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती, आत ठेवून. त्याआधी खोड आणि मागचं ऊन दोन्ही येतील अशी वीतभर पट्टी त्याच कॅनव्हासवर छापून मागावी आणि दिवसाउजेडी पाहावी. बरेच प्रिंटवाले थोडे जास्त पैसे घेऊन ती देतात. जो नाही म्हणेल त्याच्याकडे हे चित्र देऊ नये.

150 डीपीआयला, म्हणजे इंचाला 150 ठिपके धरून, या मापासाठी प्रत्येक बाजूला साधारण 4,850 पिक्सेल लागतात. कमी भरले तर 120 पर्यंत चालतं, कारण कॅनव्हासची वीण थोडी मऊपणा झाकते. ‘शार्पन’, म्हणजे संगणकावर कडा धारदार करणं, मात्र करू देऊ नका. फटकाऱ्यांच्या कडांना पांढरी किनार येते. चित्र कडेवरून मागे वळवलं तर चारही बाजूंनी सुमारे 4 सेंटिमीटर जातात. इथे खोडं वरून खालपर्यंत कडेला भिडलेली आहेत, त्यामुळे मागे वळणाऱ्या भागावर चित्राचीच आरशासारखी उलटी कड छापून घेणं उत्तम.

खरा प्रश्न मुंबईच्या हवेचा. एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) स्ट्रेचर स्वस्त पडतो, पण ओल लागली की फुगतो. वाळवलेलं पाइन घ्या, मध्ये एक आडवी पट्टी आणि कोपऱ्यांत कॅनव्हासचा ताण वाढवायच्या पाचरी हव्यातच. शाई पूर्ण सुकू द्यावी, किमान एक दिवस, मगच वॉर्निश. भर पावसाळ्यात मारलेलं वॉर्निश दुधाळ होतं आणि तेही आधी सावल्यांवरच दिसतं, म्हणून काम ऑक्टोबरनंतर द्यावं. वॉर्निश न मारता ताणलेल्या प्रिंटचा लेप घडीवर तडकतो. जाड जेल लावून खोटे फटकारे उठवून देण्याची जी सोय मिळते, ती घेऊ नये; त्या रेषा मोनेच्या रेषांवरून आडव्यातिडव्या जातात.

दिवाणखान्यात 2700 केल्विनचा पिवळा दिवा असेल तर जांभळा तपकिरी दिसेल. 4000 केल्विनचा, म्हणजे जास्त पांढऱ्या उजेडाचा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं 100 पैकी माप) 90च्या वर असलेला दिवा बसवा, आणि चित्रापासून दोनेक मीटरवर बसायची जागा ठेवा.

बाहेरच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर हे टांगू नये. मागून बुरशी धरते. आतल्या भिंतीवरही खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून मागे बोटभर फट ठेवा. जुलैत कॅनव्हास सैल पडला तरी पाचरी ठोकायला जाऊ नका. हवा कोरडी झाली की तो आपोआप आवळतो, आणि पावसाळ्यात ठोकलेल्या पाचरींमुळे हिवाळ्यात कोपरे फाटतात. डिसेंबरातही सैल राहिला तरच प्रत्येक पाचर हलक्या हाताने, थोडी थोडी.