साडेआठशेंचा सायकलचा दिवा गोव्याच्या पावसात किती टिकतो

पुढचा दिवा ८५० रुपयांचा, मागचा ३२०चा. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आठवड्याला चार-पाच रात्री वापर. रस्ता मये–चोडण, पुढे फेरीबोट आणि रायबंदर. अधूनमधून फोंड्याकडचे चढउतार. पुढचा दिवा पुन्हा घ्यावा असा आहे. मागचा घेऊ नये. का, ते खाली सविस्तर येईलच. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण या भावात एकच साचा पाच-सहा नावांनी विकला जातो आणि आजचं नाव पुढच्या वर्षी सापडेलच असं नाही. नावाऐवजी काय तपासायचं ते माहीत असलं की पुरे.

आधी खोक्यावरचे आकडे. पुढच्या दिव्यावर ४०० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), २००० एमएएच (बॅटरीत मावणारी वीज) आणि पूर्ण उजेडावर दीड तास असं लिहिलेलं आहे. हे खरं की खोटं, ते दुकानातच तपासता येतं. २००० एमएएच म्हणजे २ अँपिअर-तास, गुणिले लिथियम सेलचे ३.७ व्होल्ट म्हणजे ७.४ वॉट-तास. त्याला दीड तासाने भागलं की साधारण ५ वॉट. स्वस्त एलईडीपासून, सर्किटमध्ये वाया जाणारी वीज धरून, एका वॉटला ८० ते १०० ल्युमेन मिळतात. म्हणजे ४०० ते ५०० ल्युमेन. दावा पटण्यासारखा आहे. आता शेजारच्या फळीवरचा ४५० रुपयांचा ‘२००० ल्युमेन’वाला घ्या: बॅटरी १२०० एमएएच, चालणार म्हणे चार तास. ४.४ वॉट-तास भागिले चार म्हणजे जेमतेम १.१ वॉट, म्हणजे शंभराच्या आसपास ल्युमेन. दोन हजार कुठून येणार? सुट्या १८६५० सेलवर (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल) ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल हातातही घेऊ नका. त्या मापाच्या उत्तम सेलमध्येही ३५०० एमएएचच्या आसपासच मावतात.

प्रत्यक्षात हा दिवा नवा असताना पूर्ण उजेडावर १ तास २० मिनिटं चालला, आता १ तास १० मिनिटं चालतो. मधल्या पायरीवर अजून अडीच तासांच्या वर जातो. रोजच्या वापराला ही मधली पायरीच पुरते. पूर्ण उजेड फक्त उतरणीला. गुंडीचा रंग हिरव्याचा लाल झाला की मधल्या पायरीवर २०-२५ मिनिटं उरलेली असतात. फेरीबोट हुकली तर हा हिशेब कामाला येतो.

पण ल्युमेनपेक्षा उजेड पडतो कुठे हे महत्त्वाचं, आणि स्वस्त दिवे इथेच मार खातात. बहुतेकांचा फोकस टॉर्चसारखा गोल असतो. अर्धा उजेड रस्त्यावर, अर्धा समोरच्याच्या डोळ्यांत आणि माडांच्या शेंड्यांवर. या दिव्याच्या काचेत आडव्या रेघा आहेत, त्यामुळे झोत वरून कापलेला आणि बाजूंना पसरलेला पडतो. घेताना दुकानाच्या भिंतीवर लावून बघा. वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसली तर चांगला, भिंतीवर नुसता गोळा उमटला तर तो टॉर्च. चोडणच्या खारफुटीतल्या अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर तो तुमच्याच अंगावर येतो, हे ध्यानात ठेवा.

दिव्याचा कल असा लावायचा. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करायची. दिव्याची जमिनीपासून उंची मोजायची, सहसा ती मीटरभर असते. एवढी उंची असेल तर कापलेल्या झोताची वरची कड भिंतीवर ९५ सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. गोल फोकस असेल तर मधला पांढरा ठिपका ६० सेंटिमीटरवर आणायचा, म्हणजे तो रस्त्यावर बारा-साडेबारा मीटरवर पडतो. तुम्ही सायकलवर बसलात की कल थोडा बदलतो, म्हणून कोणालातरी बसवूनच मोजा.

किती लांबचं दिसलं पाहिजे याचाही हिशेब आहे. ताशी २० किलोमीटरला सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. खड्डा दिसून ब्रेकवर बोटं आवळेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ८ मीटर. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ४. रिमचे ब्रेक भिजलेले असले की आधी पाणी पुसलं जाणार आणि मगच पकड येणार, म्हणून ते ४ दुप्पट धरा. झाले १६; थोडी सूट धरून २० मीटर स्वच्छ दिसायला हवं. मधल्या पायरीवर हा दिवा तेवढं दाखवतो. फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या उतरणीला पस्तीसचा वेग सुटला तर मात्र पूर्ण उजेडही अपुरा पडतो. तिथे ब्रेक हाच दिवा.

पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की तो रस्त्यासारखाच काळा आणि सपाट दिसतो. यावर एक उपाय उपयोगी पडला. दिवा हँडलवरून काढून पुढच्या फोर्कच्या (चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) माथ्यावर, म्हणजे डोळ्यांपासून खाली, लावायचा. उजेड खालून तिरका आला की खड्ड्याच्या कडेला सावली पडते आणि कड उठून दिसते. पावसाचे थेंबही डोळ्यांसमोर कमी चमकतात. डोक्यावर बांधायचा हेडलँप भर पावसात नेमका याच कारणाने निरुपयोगी: समोर नुसता पांढरा पडदा. रंगाचंही तसंच. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळट, ४००० ते ४५०० केल्व्हिनचा उजेड ओल्या डांबरावर आणि तांबड्या चिखलावर जास्त दाखवतो. आपला दिवा ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर पांढरा आहे. ही त्याची खरी उणीव.

आता पाणी. दोन्ही दिव्यांवर आयपीएक्स४ लिहिलेलं आहे, म्हणजे शिंतोड्यांना चालेल. आषाढातला पाऊस शिंतोडे उडवत नाही, हे सांगायला नको. त्यातून मागच्या चाकाचा चिखल थेट दिव्याच्या बुडाशी येतो. मागचा दिवा ऑगस्टमध्ये बंद पडला. चार बारीक स्क्रू काढून उघडला तर आत कडेने तपकिरी रेघ, म्हणजे पाणी तिथपर्यंत साचून सुकलेलं. गास्केटचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबराचा, दोरा एका कोपऱ्यात दुमडलेला, म्हणजे कारखान्यातच नीट बसवला नव्हता. आणि चार्जिंगची पिन शेवाळासारखी हिरवी.

पाणी नुसतं वरून शिरत नाही, ते ओढलं जातं. दिवा चालून तापतो, आतली हवा फुगते. वरून गार पाऊस आदळला की हवा आकसते आणि सैल जागेतून पाणी आत खेचते. म्हणून चांगला दिसणारा दिवाही तीन-चार सरींनंतर आतून वाफाळतो. पिन हिरवी होते ती वेगळ्या कारणाने: ओल्या पिनला चार्जर लावला की पाण्यातून वीज वाहते आणि तांबं खाल्लं जातं. नदीकाठच्या खाऱ्या हवेत हे काम आणखी झपाट्याने होतं.

उपाय सोपे आहेत. नवा दिवा वापरण्याआधी उघडता येत असेल तर उघडून गास्केटवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलिन नको, काही जातीचं रबर त्याने फुगतं. चार्जिंगचं झाकण नीट दाबलंय का ते प्रत्येक वेळी बोटाने चाचपा, निम्मे दिवे तिथेच मरतात. मागच्या दिव्यावर पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या ट्यूबचा ५-६ सेंटिमीटरचा तुकडा मोज्यासारखा चढवा, लाल काच तेवढी मोकळी. पुढच्याला असा मोजा घालू नका. त्याचं अॅल्युमिनियमचं अंग उघडं राहिलं तरच तो गार राहतो, नाहीतर तापून उजेड आपोआप उतरतो. भिजून आल्यावर झाकण उघडून पिन खाली करून रात्रभर पंख्याखाली टांगा आणि सकाळी चार्ज करा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याने पंख्यापेक्षा जास्त काही साधत नाही.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात. पुढच्या दिव्याचा रबरी पट्टा पाचव्या महिन्यात भोकापाशी चिरला. दोष उन्हाचा, सायकल दिवसभर बाहेर उभी असते. जोडीला एक सुटा पट्टा खोक्यात येतो का ते विचारून घ्या. २२.२ मिलिमीटरच्या साध्या हँडलवर पट्टा सैल बसतो आणि गतिरोधकावर दिवा मान टाकतो. खाली ट्यूबचा एक वेढा दिला की प्रश्न मिटतो.

मागच्या दिव्याची जागा बहुतेकजण चुकवतात. सीटखालच्या दांड्यावर लावला की रेनकोटचा घोळ त्यावर येतो, आणि नेमक्या पावसात तुम्ही मागच्या ट्रकला दिसत नाही. कॅरिअरच्या मागच्या टोकाला पत्र्याच्या पट्टीवर दोन नटबोल्टनी बसवा. कॅरिअर नसेल तर मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या वरच्या नळीवर, कारण वाहनं उजवीकडूनच पुढे जातात. २० ते ३० ल्युमेन पुष्कळ झाले. नुसता लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण अंतराचा अंदाज देत नाही. एक स्थिर आणि एक लुकलुकता असे दोन स्वस्त दिवे एका महागापेक्षा बरे. एक विझला तरी दुसरा असतो, आणि मागचा दिवा विझल्याचं चालवणाऱ्याला कळत नाही. पहाटे पाव घेऊन निघणाऱ्या पोदेराला भोंगा तरी असतो.

मेलेल्या मागच्या दिव्याची हमी सहा महिन्यांची होती. विक्रेत्याने ‘पाण्याचं नुकसान हमीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. पाण्यात टिकतो म्हणून विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर! घेण्याआधी हमीच्या कागदावरची ती ओळ वाचा. त्या जागी आता २८० रुपयांचे दोन आहेत, बटणसेलवर चालणारे. चार्जिंगचं भोकच नाही, त्यामुळे उरलेल्या पावसातही शिरकाव झाला नाही. सेल तीन महिन्यांनी बदलावे लागतात, तेवढा खर्च मान्य.

चार्जिंगची एक मेख. पुढच्याला सी पिन आहे, पण मोबाइलच्या नव्या चार्जरची दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली तर तो चार्जच होत नाही. दिवा बिघडलेला नसतो. स्वस्त सर्किटमध्ये दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, म्हणून चार्जर वीज सोडतच नाही. जुना चपट्या तोंडाचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर आणि त्याची वायर जपून ठेवा.

जुन्या काळ्या सायकलींचा बाटली डायनॅमो अजून मिळतो. ६ व्होल्ट, ३ वॉट, चार्जिंगची कटकट नाही. पण ओल्या टायरवर त्याची चकती घसरते आणि थांबलात की अंधार. उन्हाळ्यापुरता ठीक.

आणि फेरीबोटीवर चढताना पुढचा दिवा बंद करा. रॅम्प उतरत असतात ती माणसं तुमच्या झोताच्या बरोब्बर उंचीवर असतात, आणि पायाखालचं लोखंड ओलं असतं.