जुना एअरस्ट्रीम घ्यावा की लाकडी सांगाड्याचा शास्टा?

अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकातला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेऊन घरीच दुरुस्त करायचा बेत असेल, तर निवड बहुधा दोघांत होते: ॲल्युमिनियमच्या कवचाचा एअरस्ट्रीम, नाहीतर लाकडी चौकटीवर पत्रा चढवलेला, शास्टासारखा छोटा ट्रेलर. दोन्ही बाहेरून धडधाकट दिसतात. कूज कुठे दडली आहे, त्यावर पुढचं काम वेल्डरचं की सुताराचं, हे ठरतं.

एअरस्ट्रीमचं दुखणं आतल्या लाकडी जमिनीच्या कडेला असतं. कवच आणि लोखंडी चासी यांच्यामध्ये 5/8 इंची प्लायवूडची कड बोल्टने आवळलेली असते. मागच्या बंपरपाशी किंवा खिडक्यांतून शिरलेलं पाणी नेमकं तिथे मुरतं. कड भुसभुशीत झाली की बोल्ट सैल पडतात आणि एक्सलच्या मागे अधांतरी असलेली चासी कवचापासून सुटते. सत्तरच्या दशकातल्या, मागे बाथरूम असलेल्या लांब मॉडेलांचा हा ठरलेला रोग. एकाने बंपरवर उभं राहून अंगाचा भार देत खालीवर व्हायचं, दुसऱ्याने बंपर आणि कवच यांच्यातल्या फटीकडे बघायचं. बंपर खाली गेला आणि कवच जागचं हललं नाही, तर जोड गेलाच म्हणून समजा. मग दाराच्या उंबऱ्यापाशी, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि चाकांभोवती दाभण टोचून पाहा.

गंजाचा अंदाज मात्र पोटाखालचा पत्रा उघडल्याशिवाय येत नाही. आतला उष्णता अडवणारा फायबरग्लासचा थर ओला झाला की वर्षानुवर्षं चासीला लागून राहतो. बाजूचे आउटरिगर, म्हणजे चासीतून कडेला निघालेले लोखंडी हात, हातोडीने ठोका. खणखणीत आवाज येण्याऐवजी खपल्या गळाल्या, तर ते कापून नवे वेल्ड करावे लागतील. लोखंडाला टेकलेल्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली, तर तिथे ओल मुरलेली आहे. नुकसान दोन-तीन फुटांपुरतं असेल तर जमिनीला ठिगळ चालतं. चारी बाजूंनी असेल तर कवचच उचलावं लागतं, आणि त्याआधी आतून भक्कम लाकडी आधार ठोकावे लागतात, कारण जमिनीपासून सुटलेलं कवच लगेच आकार सोडतं.

शास्टात पाणी वरून येतं. छताच्या कडेची पट्टी, खिडक्या, छतावरचं व्हेंट आणि बाहेरचे छोटे दिवे, इथली जुनी पुट्टी वाळून तडकते. पाणी चौकटीच्या लाकडी फासळ्यांवरून उतरून खालच्या कोपऱ्यांत साठतं. पत्रा ठणठणीत आणि आतली फासळी हाताने कुस्करता येते, असं सर्रास आढळतं. आतलं पॅनेल अंगठ्याने दाबा. काळे डाग असतील किंवा पॅनेल लवत असेल, तर पिनवाला ओलावा मीटर लावा. 20 टक्क्यांच्या वर आकडा म्हणजे कुजायला पोषक ओल.

इथली दुरुस्ती बाहेरून करायची. हे ट्रेलर कारखान्यात आतून बाहेर बांधले जात, पत्रा सर्वांत शेवटी चढे. त्यामुळे एका वेळी एकच बाजू उघडा, कुजलेली फासळी काढण्यापूर्वी तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत कापत जा. नुसतं इपॉक्सी (घट्ट होणारं राळ) पाजून भार पेलणारी फासळी टिकत नाही. परत जोडताना ब्यूटाइल टेप, म्हणजे फटी बुजवणारी चिकट रबरी पट्टी, वापरा. सिलिकॉन नको, ते सुटतं आणि मागे राहिलेल्या थरावर पुढे काहीच धरत नाही.

हाताशी करवत आणि धीर असेल, वेल्डिंग येत नसेल, तर शास्टाच घ्या. लाकूड स्वस्त आणि चूक सुधारता येते. एअरस्ट्रीम घ्यायचाच असेल तर बंपरची परीक्षा झाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि चाकं धरणारे दांडे पाहा: ते आडवे किंवा मागे वर चढलेले असतील, तर रबरी टॉर्शन एक्सल (ज्यात स्प्रिंगचं काम आतलं रबर करतं) संपलेला आहे. नव्या एक्सलचा खर्च भावातून कापून घ्या.