हर्नियाचा पट्टा: आधार बरा, इलाज शून्य

खोकताना-हसताना जांघेत कळ येऊन फुगवटा दिसला, तर बहुधा हर्निया, म्हणजे पोटाच्या स्नायूंतल्या कमकुवत जागेतून आतडं बाहेर डोकावणं. फुगवटा नसेल तर स्नायूचा ताण किंवा लघवीचा संसर्गही असू शकतो, म्हणून आधी सर्जन, मग पट्टा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत तो मिळतो. पँटचा नंबर सांगू नका. नितंबांचा घेर टेपने मोजा. उताणं झोपून फुगवटा आत गेल्यावरच बांधायचा, नाहीतर बाहेर आलेलं आतडं दाबलं जातं. पट्ट्याची गादी, म्हणजे फुगवट्याच्या जागी दाब देणारा जाड भाग, जांघेच्या घडीच्या जरा वर बसली पाहिजे. मुंबईच्या घामात फोम कुबट होतो, पुरळ उठतं. आत सुती कापड हवंच. फुगवटा कडक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, तर पट्टा सोडून तडक इस्पितळ गाठा.